हौसेची टाटा ४०७: घ्यायची कशी, उभी ठेवायची कशी आन आत काय बसवायचं

ट्रक म्हणलं की आपल्याकडं दोनच गोष्टी डोक्यात येतात, ऊस नाहीतर वाळू. नुसतं फिरायला ट्रक ठेवलाय, नाथसागराच्या काठाला दोन रात्री मुक्काम करायला, माहूरला जायला, पावसाळ्यात नळदुर्गचा धबधबा बघायला, असं सांगितलं की लोक आधी विचारतात भाडं किती सुटतं. काहीच सुटत नाही म्हणलं की मंग बघत राहतात. पण हल्ली लई पोरं विचारायलेत की जुनी गाडी घेऊन मागं झोपायची सोय करायची हाय, कुठून सुरू करू, म्हणून जेवढं माहिताय तेवढं एकदा सगळं लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, दहा टायरी-बारा टायरीच्या नादी लागू नका. दिसायला जबरदस्त असतंय पण लायसन वेगळं लागतं, गावात वळत नाही, एअर ब्रेकचा वेगळा ताप, आन पंपावर गेलं की निम्मी हौस तिथंच उतरते. ४०७ घ्या नाहीतर तिच्याच मापाची आयशर घ्या. टाटा ४०७ ही १९८६ पासून रस्त्यावर आहे, वैजापूरपासून उदगीरपर्यंत कुठल्याबी तालुक्याला तिचं सामान मिळतं आन तिला हात लावलेला मिस्त्रीबी सापडतो, आडरानात बंद पडल्यावर ह्याच्याइतकं मोलाचं दुसरं काही नसतं. लायसनचं म्हणाल तर गाडी अधिक माल मिळून एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलं की आपलं कारवालं एलएमव्ही लायसन चालतं, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला हे पक्कं केलंय. आरसीवर जीव्हीडब्ल्यूचा, म्हंजी ह्याच एकूण वजनाचा आकडा बघून घ्या, काहींवर तो जास्त असतो.

जुनी घेताना एकच विचारा, आधी काय वाहत होती. वाळूची असली तर फुकट दिली तरी नको. गोदावरीच्या पट्ट्यात वाळू वाहिलेल्या गाड्या ओव्हरलोड मारून मारून चेसिसपासून थकलेल्या असतात, वरून ओली वाळू हौद्यात राहिल्यानं पत्रा खालून कुजलेला असतो आन विकायच्या आधी नवा रंग मारून ठेवतात. किराणा, बेकरी, दूध असला हलका माल नेलेली बंद बॉडीची गाडी मिळाली तर दोन पैसे जास्त द्या. खाली झोपून टॉर्चनं बघा, कॅबिनच्या मागं जिथं चेसिस उघडा दिसतो तिथं आन मागच्या कमानीच्या, म्हंजी पाट्यांच्या स्प्रिंगच्या, हँगरपाशी वेल्डिंगचा टाका, जादा पट्टी, नवा काळा रंग दिसला की समजायचं चेसिस तडकला होता. इंजन थंड असतानाच चालू करायला सांगा, तुम्ही यायच्या आधी गरम करून ठेवली असली तर दुसऱ्या दिवशी जा. निळा धूर म्हंजी ऑइल जळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरबी राहिला तर पाणी आत चाललंय नाहीतर डिझेल नीट जळत नाही, काळा धूर जोर दिल्यावर थोडा येतोच पण सारखा आला तर पंप-नोझलचं काम निघतं. ऑइल टाकायचं झाकण उघडून बघा, तिथून भकाभका हवा येत असली तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. १५ वर्षांवरची घ्यायच्या आधी फिटनेसच्या फीचा आकडा विचारून घ्या, २०२२ पासून जुन्या मालवाहू गाड्यांची ती फी बरीच वाढलीय.

आता कागद, हे कंटाळवाणं आहे पण ह्याच्यात लोक फसतात. मालवाहू पिवळ्या पाटीची गाडी घेतली की तुम्ही एक रुपया कमवा नका कमवू, फिटनेस, परमिट, टॅक्स, इन्शुरन्स, पीयूसी सगळं चालू ठेवावं लागतं, आठ वर्षांच्या पुढच्या गाडीला फिटनेस दरवर्षी. आन मागं हौद्यात माणसं बसवायची नाहीत. बघा, आपल्याकडं लग्नाचं वऱ्हाड, जत्रा, तुळजापूरची वारी, सगळं टेम्पोतून जातं आन कोणाला काही वाटत नाही, पण मालवाहू गाडीच्या इन्शुरन्समधी मागं बसलेली पाव्हणी मंडळी धरत नाहीत, उद्या काही झालं तर भरपाई तुमच्या घरातून जाते. कॅबिनमधी आरसीवर जेवढ्या सीट आहेत तेवढीच माणसं, बाकी घरचे मागून कारनं येतील. चालत्या गाडीत मागं झोपायची तर गोष्टच काढू नका.

कायमची सोय करायची, म्हंजी खिडक्या कापायच्या, बेड वेल्ड करायचा, किचन बसवायचं, तर ते मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली बदल धरतात आणि आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर नोंद करावी लागते. न करता केलं तर एकेका बदलाला ५,००० रुपयांपर्यंत दंड आन सहा महिन्यांपर्यंत कैदेचीबी तरतूद हाय. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन, म्हंजी आत राहायची सोय असलेली गाडी, सरकारच्या यादीत खासगी वाहनांमधीच येते, म्हंजी पांढऱ्या पाटीचा रस्ता आहे, पण मोटार कॅरॅव्हॅनला एआयएस-१२४ नावाचे नियम लागू आहेत, ते गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला जमत नाहीत. पैसे टाकायच्या आधी आरटीओत जाऊन, एजंटला नाही, साहेबालाच विचारा. माझं मत विचाराल तर सुरुवातीला काहीच पक्कं बसवू नका. लाकडी खोके करा, वर गादी, खाली सामान, आन सगळं पट्ट्यांनी बॉडीच्या कड्यांना आवळून बांधा. गाडी कागदावर जशी होती तशीच राहते, दोन वर्षं वापरून बघा, मंग कळतं की आपल्याला खरंच किचन पाहिजे का नुसती सावली आन बाजलं पुरतंय.

आता देखभाल. इथं लोकांचा हिशोबच उलटा असतो. धंद्याची गाडी रोज पळते, तिचं सगळं किलोमीटरवर चालतं. हौसेची गाडी महिना महिना लिंबाखाली उभी असते, मीटर पुढं सरकत नाही म्हणून मालक खूश, आन आतून सगळं सुकत, गंजत, चिकटत जातं. म्हणून हिचं सर्व्हिसिंग कॅलेंडरवर करायचं. इंजन ऑइल आन फिल्टर वर्षातून एकदा, दोन हजार किलोमीटर झाले असले तरी. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आन घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होऊन पायाखालचं पेडल एकदम पोकळ होतं. ४०७ ला व्हॅक्युमचा हायड्रॉलिक ब्रेक असतो, हे तर तिच्यासाठी जास्तच खरं.

लोक काय करतात, दर रविवारी गाडी उभ्या उभ्या पाच मिनिटं चालू करतात आन बंद करतात, त्यांना वाटतं सेवा झाली. त्यानं उलट नुकसान होतं. सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं गेलं तेवढं पाच मिनिटांत परत भरत नाही, इंजन पुरतं तापत नाही म्हणून आत धरलेलं पाणी ऑइलमधीच राहतं, सायलेन्सरमधीबी पाणी साचून तो आतून सडतो. त्यापेक्षा पंधरा दिवसाला, नाहीच जमलं तर महिन्याला, पंचवीस-तीस किलोमीटर नीट चालवून आणा, सगळे गिअर टाका, ब्रेक मारा, तेवढ्यात टायरबी फिरतात, क्लचप्लेटबी मोकळी राहते. बीएस६ म्हंजी एप्रिल २०२० च्या पुढची गाडी असली तर हे अजूनच पाळा, तिच्या सायलेन्सरमधल्या डीपीएफला, म्हंजी काजळी धरणाऱ्या फिल्टरला, हायवेवरचा दमदार पल्ला लागतो, नुसतं आयडलवर ठेवून तो काजळीनं भरतो. आन डीईएफचा, म्हंजी धूर साफ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याचा, डबा उन्हात साठवून ठेवू नका, उष्णतेनं ते खराब होतं, लागेल तेवढंच आणा.

जास्त दिवस उभी करायची असली तर टाकी फुल करून ठेवा. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं आतल्या बाजूला पाणी धरतं, ते खाली डिझेलमधी जातं, मंग शेवाळ्यासारखा चिकट गाळ होतो आन एक दिवस चढावर गाडी गचके मारायला लागते. वॉटर सेपरेटरच्या खालचा नट सैल करून पाणी काढायचं दर दोन महिन्याला, हाताचं काम हाय. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, मीटरनं मोजा, भरलेली १२.६ च्या आसपास दाखवते, १२ वर आली म्हंजी रिकामीच समजा आन तशीच पडू दिली की परत सावरत नाही. हँडब्रेक ओढून पावसाळा काढायचा नाही, लायनर ड्रमला चिकटून बसतात, गाडी गिअरमधी ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावा. आन उंदीर. तुरीच्या, सोयाबीनच्या पोत्यांच्या जवळ गाडी उभी केली की उंदीर बॉनेटखाली घर करतोच, वायरिंग खातो, डांबरगोळ्यांना हसतो. धान्यापासून लांब, मोकळ्यावर उभी करा, अधूनमधून बॉनेट उघडं ठेवा, जाण्याआधी एकदा हात घालून बघा.

रेडिएटरमधी बोअरचं पाणी टाकू नका. हे मी सगळ्यांना सांगतो आन सगळे टाकतात. आपल्याकडलं बोअरचं पाणी किती जड असतं ते घरातल्या हीटरच्या कॉइलवर बघा, तीच पांढरी खपली रेडिएटरच्या नळ्यांत बसते आन मे महिन्यात मांजरसुंब्याचा घाट चढताना काटा लाल पट्टीत जातो. तयार कूलंट घ्या नाहीतर दाट कूलंट डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं करा. रेडिएटरच्या जाळीत कापसाचं पिंजर, फुफाटा, किडे अडकलेले असतात, ते इंजनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या पाण्यानं धुवा, प्रेशरचा फवारा मारला की पत्त्या वाकतात. एअर फिल्टरला फुफाट्याचा मार बसतो, दर खेपेला काढून बघा, पण बाहेरून जोराची हवा मारून धूळ अजून आत ठोकू नका, आतून बाहेर मारा, कागद फाटला असला तर सरळ नवा. ग्रीसिंगचं एवढंच की पाण्यातून गाडी गेली की किंगपिन, शॅकल आन जॉइंटच्या क्रॉसला ग्रीस मारून घ्यायचं, जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

टायरची नक्षी किती शिल्लक हाय ह्यावर जाऊ नका, तारीख बघा. टायरच्या बाजूला डीओटीच्या शेवटी चार आकडे असतात, ३५२१ म्हंजी २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. हौसेच्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. सहा-सात वर्षं झाली, बाजूला बारीक भेगा दिसल्या की नक्षी नवी कोरी असली तरी पुढच्या चाकांतून काढा. पुढं रिमोल्ड, म्हंजी जुन्यावर नवा रबर चढवलेला टायर, अजिबात नको. मागच्या जोडीत दोन्ही टायर एका मापाचे, एका झिजेचे, सारख्या हवेचे पाहिजेत, नाहीतर उंच असलेला एकटाच सगळं वजन उचलतो आन तोच फुटतो. जोडीच्या मधी अडकलेला दगड दर थांब्याला बघा. चाक काढून लावलं की पन्नास-शंभर किलोमीटरवर नट परत एकदा आवळायचे.

आता आत काय बसवायचं. आधी वजन करा. मोंढ्यात, जिनिंगवर, कारखान्यावर कुठंबी काटा असतो, रिकामी गाडी टाकी फुल करून चढवा, मंग नुसती पुढची चाकं काट्यावर घेऊन परत मोजा, म्हंजी कुठल्या धुऱ्यावर किती आहे ते कळतं. समजा आरसीवर ५,३०० आहे आन गाडी २,७०० भरली तर २,६०० तुमच्या हातात, पण म्हणून तेवढं भरायचं नाही, हजार-बाराशेच्या आत राहिलात तर ब्रेक, क्लच, कमानी सगळं निवांत चालतं. अगदीच रिकामी ४०७ मात्र बेडकासारखी उड्या मारते, कमान मालासाठी बनवलेली असते. तिथं कमानीतला एखादा पाटा काढायचा सल्ला सगळे देतात. आधी कमानींची साफसफाई करा, बुश बदला, आन टायरची हवा प्रत्यक्ष वजनाप्रमाणं, टायर कंपनीच्या तक्त्यात बघून, कमी करा. निम्मा त्रास तिथंच जातो. पाट्याला हात नंतर, आन तोबी कमानवाल्यानंच लावावा.

पाण्याची टाकी दोनशे लिटरची म्हंजी दोनशे किलो, ती टपावर चढवू नका, वळणावर गाडी कलंडायला बघते. खाली, दोन धुऱ्यांच्या मधी, आन एका मोठ्या टाकीपेक्षा तीन-चार कॅन बरे, अर्धी टाकी हिंदकळत नाही. पाणी घरून भरून न्या. मे महिन्यात ज्या गावात टँकर चालू हाय तिथं आपल्या हौसेसाठी कोणाच्या हंड्यातलं पाणी मागायचं नाही, लोक देतातबी, पण मागू नका.

उन्हाळ्यात ४२-४३ पारा गेला की पत्र्याची बॉडी रात्री दहापर्यंत धगधगते. पैसे खर्च करायचे तर इथंच करा. टपाला पांढरा रंग, आतून निदान ५० मिलिमीटरचं पफ नाहीतर एक्सपीएसचं, म्हंजी उष्णता अडवणाऱ्या फोमचं पॅनेल, आन समोरासमोर दोन झरोके, कापायचे तर वर सांगितलेली आरटीओची परवानगी घेऊनच. एसीचा विचार सोडा, एक टनाचा एसी हजार वॅटच्या वर खातो, रात्रभर बॅटरीवर तो चालवायचा म्हंजी अर्धी गाडी बॅटऱ्यांनीच भरेल. आपल्याकडला उन्हाळा कोरडा, इथं वाळ्याचा नाहीतर हनीकोंब पॅडचा छोटा १२ व्होल्टचा कूलर मस्त काम करतो, फक्त रात्रीत वीस-पंचवीस लिटर पाणी पितो आन पावसाळ्यात त्याचा उपयोग शून्य, तेव्हा नुसता फॅन.

विजेचा हिशोब कागदावर करा, दुकानदाराच्या तोंडी नको. छोटा १२ व्होल्टचा फ्रीज आपल्या उन्हात दिवसाला ६०० वॅट-तास धरा, ७० वॅटचा कूलर आठ तास म्हंजी ५६०, दिवे आन मोबाइल दीडशे, झाले तेराशे. १०० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी १,२८० देते, म्हंजी काठावर पण नाही, २०० ची घ्या. ४०० वॅटचं सोलर पॅनेल स्वच्छ उन्हात, धूळ-गरमी वजा जाता, दिवसाला १,५०० च्या आसपास देतं, पॅनेल पुसायचं मात्र. ही बॅटरी गाडीच्या बॅटरीला सरळ जोडू नका, मधी डीसी-डीसी चार्जर टाका, नाहीतर डायनामोवर लोड येऊन तो जळतो. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, लांब नाही, कारण बॅटरी ते फ्यूज एवढी वायर उघडीच असते आन ती चेसिसला घासली की आग तिथूनच लागते. इंजनजवळ, उन्हाच्या पत्र्याजवळ बॅटरी नको, ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये.

गॅस ५ किलोचा छोटा सिलिंडर न्या, आन स्वयंपाक बाहेर फाळक्यावर. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की तळाला साचतो, म्हणून तळाला भोक पाहिजेच. थंडीत बंद बॉडीत शेगडी, कोळसा पेटवून झोपायचं नाही, त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो आन झोपलेला माणूस उठत नाही. एबीसी पावडरचे दोन फायर एक्स्टिंग्विशर, एक कॅबिनमधी, एक मागच्या दाराशी.

सोबत काय ठेवायचं: दहा टनाचा बाटली जॅक, त्याच्याखाली टाकायला दोन फूट फळी, लांब टॉमी, फॅनबेल्ट, डिझेल फिल्टर, होजपाइप आन क्लिपा, बल्ब-फ्यूज, एअर काढता येईल एवढे पाने, जाड दोर, चारपाच रिकामी बारदानाची पोती. पोती कशाला ते काळ्या रानात कळतं. ४०७ ला मागचंच चाक ओढतं, जून ते सप्टेंबर काळ्या मातीत तिला घालायचीच नाही, पाऊस पडून तास झाला तरी माती जोडीच्या टायरमधी लिंपून चाक गुळगुळीत गोळा होतं. मुरमाची जागा बघून रस्त्याच्या कडंलाच थांबा, चालत जा. रुतलीच तर एक्सलेटर दाबत बसू नका, दर फिरवणीला ती अजून खाली जाते, पुढची माती काढून पोती घाला, सावकाश काढा. नाही निघाली तर जवळच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर येतोच, दोर चेसिसच्या हुकाला बांधायचा, बंपरला नाही, दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, आन त्याला डिझेलचे पैसे आधी विचारून द्यायचे.

रात्रीचं चालवू नका, विशेष करून दिवाळीनंतर उसाचा हंगाम सुरू झाला की. बीड, लातूर, धाराशिवकडं एकामागं दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर चिखलानं झाकलेला, वर ऊस बाहेर आलेला, समोरच्या गाडीच्या उजेडात ते दिसतच नाही. तुमच्या गाडीला मात्र रिफ्लेक्टिव्ह पट्टी चांगली लावा. समृद्धीवर जालन्याहून चढला तर मालवाहू गाडीला ८० ची मर्यादा हाय, काँक्रीटवर जुने टायर तापतात, तास-दीड तासाला थांबून हात लावून बघा. कन्नडच्या औट्रम घाटातून जड वाहनांना हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं २०२३ पासून बंदी आहे, ४०७ तिथं कशात धरतात हे चौकीवरल्या पोलिसाशी घाटाच्या तोंडाशी घालायचा वाद नाही, फोन करून आधीच विचारा, नाहीतर देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव करून चाळीसगावला निघा, लांब पडतं पण औट्रम घाट टळतो.